जुनी लढाई अभ्यासायची असेल तर: जमीन, दाणावैरण, शस्त्र आणि माणूस

लष्करी इतिहासाची गोडी लागलेला वाचक बहुधा शस्त्रांच्या वाटेने या विषयात शिरतो. तलवारीच्या पात्याची लांबी, तोफेचा पल्ला, रणगाड्याच्या पोलादाची जाडी हे सारे मोजता येते, चित्रात पाहता येते आणि सहज लक्षातही राहते. त्यामुळे एखादी लढाई कोणी आणि का जिंकली याचे उत्तरही तो शस्त्रातच शोधू लागतो. माझे मत असे आहे की या अभ्यासात शस्त्राचा क्रम तिसरा यावा. आधी जमीन पाहावी, मग माणसांची व जनावरांची संख्या आणि त्यांचे पोट पाहावे, त्यानंतर शस्त्र, आणि मग ते शस्त्र हाती धरणारा माणूस व त्याच्यापर्यंत पोहोचणारे हुकूम. या क्रमाने गेल्यास, वाचताना अनाकलनीय वाटलेले अनेक निर्णय आपोआप उलगडतात. हा क्रम प्रत्यक्षात कसा पाळावा हे येथे सांगितले आहे.

सुरुवातीला लढाई लहान निवडावी. एका दिवसात संपलेली, जागा नक्की ठाऊक असलेली आणि निदान दोन स्वतंत्र वृत्तांत उपलब्ध असलेली लढाई नवख्या अभ्यासकाला पुरते. असई (२३ सप्टेंबर १८०३), वॉटर्लू (१८ जून १८१५) किंवा अ‍ॅजिनकोर्ट (२५ ऑक्टोबर १४१५) यांपैकी कोणतीही चालेल. सोमसारखी, १ जुलै १९१६ पासून साडेचार महिने चाललेली लढाई पहिल्याच प्रयत्नात घेऊ नये, कारण तिच्यात खरे तर अनेक लढाया गुंतलेल्या आहेत. साहित्य म्हणून समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) दाखवणारा नकाशा, चौकटींचा कागद, पट्टी आणि पेन्सिल एवढे पुरते.

जमीन

नकाशावर सैन्ये मांडण्याची घाई करू नये. आधी कोरी जमीन काढावी: उंचवटे, नद्या, ओढे, झाडी, गावे, रस्ते. मग प्रत्येक गोष्टीपुढे एकच प्रश्न विचारावा, की येथून पायदळ, घोडदळ आणि तोफा यांपैकी कोण जाऊ शकते आणि कोण जाऊ शकत नाही. पायदळाला गुडघाभर पाण्यातून जाता येते, पण तोफेचे चाक चिखलात रुतते. घोडा उतारावरून वर चढतो, पण नांगरलेल्या ओल्या शेतात त्याची धाव मोडते.

अ‍ॅजिनकोर्टचे मैदान दोन्ही बाजूंच्या रानांमुळे एक किलोमीटरहूनही अरुंद होते, शेते नुकतीच नांगरलेली होती आणि आदल्या रात्री पाऊस झाला होता. एवढे कागदावर उतरवले की फ्रेंचांची मोठी संख्या त्यांच्या उपयोगी का पडली नाही हे दिसू लागते. रुंदी ठरलेली असल्यामुळे जादा माणसे केवळ मागे साठत गेली, पुढची फळी चिखलात थबकली आणि मागून येणाऱ्यांच्या रेट्याने तिला हात हलवण्याइतकीही जागा उरली नाही. इंग्रजी बाणांचे श्रेय मोठे आहे, परंतु ते बाण ज्या गर्दीवर पडत होते ती गर्दी जमिनीने घडवली होती.

असईच्या बाबतीत जमीन वाचण्याचा याहून सुंदर नमुना सापडतो. शिंदे आणि नागपूरकर भोसले यांचे सैन्य केळणा नदीच्या पलीकडे होते आणि ब्रिटिश सेनापती वेलस्लीच्या वाटाड्यांचे म्हणणे असे की जवळपास नदीला उतार, म्हणजे पायी ओलांडण्याजोगी जागा, नाही. वेलस्लीला मात्र पूर्वेकडे नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर वसलेली दोन गावे दिसली, आणि अशा दोन गावांमध्ये ये-जा असणारच, तेव्हा उतारही असणार, असा तर्क त्याने केला. तर्क खरा ठरला व त्याचे सैन्य केळणा आणि जुई या नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात शिरले. त्या पट्ट्यामुळे मराठ्यांच्या प्रचंड घोडदळाला दोन्ही बगलांवरून वळसा घालण्यास जागाच राहिली नाही. वाचकानेही नकाशावर असेच पाहावे: गावे कोठे आहेत, पाणी कोठे आहे, वाटा कोठे एकत्र येतात.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. आजची जमीन त्या दिवशीची असेलच असे नाही. इ.स.पू. ४८० मध्ये ज्या थर्मोपिलीच्या खिंडीत स्पार्टन लोकांनी इराणी सैन्य रोखून धरले, तेथे आज समुद्र गाळामुळे कित्येक किलोमीटर मागे हटलेला आहे आणि डोंगराच्या पायथ्याशी रुंद सपाटी पसरलेली आहे. ती सपाटी पाहून त्या लढाईविषयी काही ठरवणारा माणूस हमखास चुकेल. नद्या पात्र बदलतात, जंगले तुटतात, दलदली भरल्या जातात; म्हणून शक्य तितक्या जुन्या नकाशाशी ताडून पाहावे.

आकडे तपासणे

जमीन तयार झाली की सैन्यांची संख्या घ्यावी, पण ती तशीच स्वीकारू नये. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने इराणी सम्राट झर्कसिसच्या स्वारीतील पायदळाचा आकडा १७ लाख दिला आहे. हा आकडा तपासण्यासाठी विद्वत्तेची गरज नाही, भागाकार पुरतो. १० माणसे शेजारीशेजारी चालत आहेत आणि दोन ओळींमध्ये २ मीटर अंतर आहे असे धरले, तरी १ लाख ७० हजार ओळींची रांग ३४० किलोमीटर लांब होते. दिवसाला २५ किलोमीटर चाल धरली तर ही रांग एका ठिकाणावरून पुढे सरकायला जवळजवळ १४ दिवस लागतील, आणि त्यात जनावरे, सामान व नोकरचाकर धरलेलेच नाहीत. शिवाय डोंगराळ वाटेवर १० माणसे शेजारीशेजारी चालू शकत नाहीत. जुन्या वृत्तांतातील प्रत्येक मोठ्या आकड्याला हीच कसोटी लावावी.

रणांगणावरही हेच गणित करता येते. अठराव्या शतकातील युरोपीय पद्धतीचे पायदळ खांद्याला खांदा लावून उभे राही व एका शिपायाला अर्ध्या मीटरहून थोडी अधिक जागा लागे. म्हणजे ६०० जणांची पलटण दोन ओळींत उभी केली तर तिची रुंदी साधारण १६५ मीटर भरते, आणि तीन ओळींत ११०. चौकटींच्या कागदावर हे प्रमाणात काढले की कोणत्या सेनापतीकडे जागेपेक्षा माणसे अधिक होती आणि कोणाला आपली फळी ताणून पातळ करावी लागली हे डोळ्यांना दिसते. लढाईच्या कोणत्याही वर्णनाने मला जितके शिकवले नाही तितके या एका सवयीने शिकवले आहे.

कॅनीची लढाई (इ.स.पू. २१६) समजून घेण्याचा मार्गही हाच आहे. रोमनांचे पायदळ सुमारे ८० हजार होते, कार्थेजचा सेनापती हॅनिबल याचे त्याच्या निम्मे. रोमनांनी आपल्या तुकड्या रुंदीपेक्षा खोलीत अधिक उभ्या केल्या, म्हणजे मध्यभागी जड हातोड्यासारखा प्रहार करून शत्रूची फळी फोडावी. हॅनिबलने मधला भाग मुद्दाम पुढे फुगवून ठेवला, तो हळूहळू मागे सरकू दिला, आणि रोमन सैन्य आत ओढले गेल्यावर दोन्ही टोकांना उभे असलेले आफ्रिकी पायदळ त्याच्या बगलांवर वळवले. त्याच वेळी रोमन घोडदळाला पळवून लावलेले त्याचे घोडदळ पिछाडीवर येऊन आदळले. चारी बाजूंनी वेढल्या गेलेल्या त्या गर्दीत फक्त कडेच्या माणसाला तलवार चालवता येत होती. मधली हजारो माणसे शस्त्र हातात असून निरुपयोगी झाली होती. घोडदळात मात्र हॅनिबलकडे सुमारे १० हजार स्वार होते व रोमनांकडे ६ हजार, ही बाब केवळ एकूण बेरीज पाहणाऱ्याच्या नजरेतून निसटते. म्हणून संख्या नेहमी दळावार लिहावी.

दाणावैरण

पुष्कळ पुस्तकांत लढाईचा दिवस सविस्तर असतो आणि त्याआधीचे महिने एका परिच्छेदात उरकलेले असतात. अभ्यास करणाऱ्याने हे प्रमाण उलटे करून पाहावे. काम करणाऱ्या घोड्याला दिवसाला साधारण १० किलो दाणा व वैरण लागते आणि २५ ते ४० लिटर पाणी लागते. १० हजार घोडी असलेल्या सैन्याला याचा अर्थ रोज १०० टन. एका बैलगाडीत अर्धा टन माल मावतो असे धरले तर रोज २०० गाड्या, आणि त्या ओढणाऱ्या बैलांनाही खावे लागते. त्यामुळे चारा जितक्या लांबून आणावा तितका वाटेतच संपत जातो. म्हणून रेल्वेपूर्व काळातील घोडदळाचे सैन्य मुख्यतः आजूबाजूच्या मुलखावर जगत असे आणि एका जागी फार काळ थांबू शकत नसे.

हे गणित मनात ठेवून पानिपतची तिसरी लढाई वाचावी. मराठ्यांची छावणी पानिपतजवळ दोन महिन्यांहून अधिक काळ एकाच ठिकाणी अडकून पडली होती, लढवय्यांखेरीज बुणगे आणि यात्रेकरू यांचा मोठा जमाव सोबत होता, आणि दिल्लीकडची वाट अब्दालीच्या फौजेने रोखलेली होती. रसद गोळा करणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबर १७६० मध्ये मारले गेले, तेव्हा उरलासुरला आधारही तुटला. १४ जानेवारी १७६१ रोजी जे स्वार मैदानात उतरले त्यांची घोडी आठवडेच्या आठवडे अर्धपोटी होती. त्या दिवशीच्या डावपेचांची चर्चा अवश्य करावी, पण इब्राहिमखान गारद्याच्या तोफा किती चांगल्या होत्या हा प्रश्न घोड्यांच्या पोटाच्या प्रश्नानंतर विचारावा.

याउलट, १७२८ च्या पालखेडच्या मोहिमेत पहिल्या बाजीरावाने निजामाला मोठी झुंज न देताच तहाला आणले. हलके घोडदळ सतत फिरते ठेवून त्याने निजामाला जड तोफखान्यापासून दूर खेचले आणि शेवटी पाणी व दाणागोटा तोडून कोंडले. दोन्ही उदाहरणे शेजारीशेजारी मांडली तर एकच कारण दोन दिशांनी काम करताना दिसते.

आजाराचाही हिशेब येथेच करावा. अमेरिकी यादवी युद्धात मेलेल्या सैनिकांपैकी सुमारे दोन तृतीयांश रोगांनी मेले. एखाद्या पलटणीची कागदावरची संख्या आणि लढाईच्या सकाळी उभी राहिलेली संख्या यांतली तफावत बहुधा यातून आलेली असते.

शस्त्र

आता शस्त्राकडे यावे, आणि ते वापरात असताना कसे होते हे पाहावे. संग्रहालयातील काचेमागची वस्तू याबाबतीत अर्धीच माहिती देते. प्रत्येक शस्त्राविषयी चार गोष्टी लिहून काढाव्यात: किती अंतरावर ते खात्रीने काम करते, मिनिटाला किती वेळा, ते चालवायला किती जागा लागते आणि ते शिकायला किती काळ लागतो.

ठासणीच्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचे उदाहरण घ्या. चांगला कवायती शिपाई मिनिटाला दोन-तीन बार काढी, आणि १०० मीटरपलीकडे एका माणसावर धरलेला नेम लागण्याचा भरवसा नव्हता. भरधाव घोडा मिनिटाला ४०० मीटर किंवा त्याहून थोडे अधिक अंतर तोडतो, म्हणजे शेवटचे १०० मीटर सुमारे १५ सेकंदांत. बंदूक पुन्हा ठासायला २० सेकंद. याचा अर्थ, समोरून येणाऱ्या घोडदळावर पायदळाला फार तर एक परिणामकारक बार मिळतो. मग पुढे काय? याचे उत्तर संगीन. बंदुकीच्या तोंडावर अशी बसवलेली संगीन, की जिने गोळी झाडणे थांबत नाही, सतराव्या शतकाच्या अखेरीस आली आणि भालाईतांची वेगळी तुकडी बाळगण्याची गरज संपली. वॉटर्लूवर ब्रिटिश पायदळाने पोकळ चौकोन करून फ्रेंच घोडदळाचे हल्ले एकामागून एक परतवले, ते याच जोरावर. घोडा संगिनींच्या कुंपणावर स्वतःला झोकून देत नाही. त्याच चौकोनावर तोफा डागल्या तर मात्र तो दाट जमाव सोपे लक्ष्य ठरतो. खांद्याला खांदा लावून उभे राहण्याची पद्धत आजच्या वाचकाला वेडेपणाची वाटते, पण वरील चार आकडे मांडले की त्या बंदुकीने दुसरा सोयीचा मार्ग ठेवलाच नव्हता हे पटते.

शिकण्याच्या काळाकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. १५४५ मध्ये बुडालेल्या आणि १९८२ मध्ये वर काढलेल्या मेरी रोझ या इंग्रजी युद्धनौकेवर १३० हून अधिक अखंड धनुष्ये मिळाली. अभ्यासकांच्या अंदाजाप्रमाणे ती पूर्ण ओढण्यास सुमारे ४५ ते ८० किलो इतका जोर लागे. असे धनुष्य दिवसभर ओढणारा तिरंदाज लहानपणापासून घडवावा लागतो, तर बंदूक चालवणारा शिपाई काही आठवड्यांच्या कवायतीत तयार होतो. सुरुवातीची बंदूक वेगात आणि नेमात धनुष्याहून उणी असूनही तिने धनुष्याला हटवले, त्यामागे हे एक मोठे कारण होते. दुसरे अर्थातच चिलखत भेदण्याची तिची ताकद.

शस्त्रांविषयीचे काही ठोकळ समज मात्र प्रथमच दूर करावेत. मध्ययुगीन युरोपातील एकहाती तलवार साधारण १ ते दीड किलोची असे, दहा-पंधरा किलोची नव्हे. लढाईसाठी घातले जाणारे पूर्ण पोलादी चिलखत १५ ते २५ किलोचे असून त्याचे वजन अंगभर वाटलेले असे; ते घातलेला सरदार घोड्यावर स्वतः चढे.

शस्त्र आणि जमीन यांची सांगड घालायलाही विसरू नये. मॅसेडोनियाच्या व्यूहातील लांब भाले सपाट जमिनीवर जवळजवळ अभेद्य होते. ग्रीक इतिहासकार पॉलिबियसच्या वर्णनानुसार पहिल्या ओळीच्या पुढे पाच ओळींची भाल्यांची टोके येत. पण इ.स.पू. १६८ मध्ये पिडना येथे उंचसखल जमिनीवर पुढे सरकताना त्या भिंतीत फटी पडल्या, आणि आखूड तलवारी घेतलेल्या रोमन तुकड्या त्या फटींतून आत शिरल्या. सहा मीटरच्या भाल्याला जवळ आलेल्या माणसाविरुद्ध काहीच करता येत नाही.

माणूस आणि हुकूम

सर्वांत उत्तम शस्त्रही ज्याच्या हाती आहे त्याच्या अडचणींसह मोजावे लागते. १९४० मध्ये फ्रान्सकडे जर्मनांपेक्षा कमी रणगाडे नव्हते आणि शार बी-१ सारख्या फ्रेंच रणगाड्याचे पोलाद बहुतेक जर्मन रणगाड्यांहून जाड होते. पण त्याच्या वरच्या फिरत्या बुरुजात एकच माणूस बसे. बाहेर पाहणे, गोळा भरणे, नेम धरणे, झाडणे आणि चालकाला आज्ञा देणे ही सर्व कामे त्या एकट्याची. जर्मनांच्या तिसऱ्या श्रेणीच्या रणगाड्यात हेच काम तिघांत वाटलेले होते, आणि त्यांचे रणगाडे बिनतारी यंत्राने परस्परांशी बोलू शकत होते. केवळ पोलादाच्या जाडीची तुलना करणाऱ्या तक्त्यात यातले काहीही येत नाही.

म्हणून लढाईचे वेळापत्रक तयार करावे. एका उभ्या रकान्यात तास लिहावेत, दुसऱ्यात त्या वेळी काय घडले, आणि तिसऱ्यात सेनापतीला ते केव्हा कळले. तिसरा रकाना सर्वांत बोलका असतो. वॉटर्लूवर नेपोलियनने हल्ला साडेअकराच्या सुमारास सुरू केला. रात्रभर पडलेल्या पावसाने भिजलेली जमीन तोफांसाठी सुकावी आणि मागे राहिलेल्या तुकड्या येऊन मिळाव्यात, ही कारणे त्यामागे सांगितली जातात. दुपारी साडेचारनंतर ब्रिटिशांच्या मदतीला आलेले प्रशियन सैन्य त्याच्या उजव्या बगलेवर लढाईत उतरले. सकाळचे गेलेले तास आणि संध्याकाळी कमी पडलेले तास एकाच कागदावर आले की त्या निर्णयाची किंमत नीट कळते. मात्र प्रशियन कधी पोहोचतील हे त्याला सकाळी ठाऊक नव्हते, हेही त्याच कागदावर लिहिलेले असावे. नाहीतर आपण त्याला आपल्या माहितीवरून दोषी ठरवू.

असईच्या तक्त्यात एक नोंद मला नेहमी थांबवते. मराठ्यांचे कवायती पायदळ दक्षिणेकडे तोंड करून उभे होते, आणि शत्रू पूर्वेकडून आला हे दिसताच त्यांनी आपली सारी फळी वळवून पूर्वेकडे केली. शत्रूसमोर असा मोहरा बदलणे हे अत्यंत कसलेल्या सैन्याचेच काम आहे. पुढे ब्रिटिश फळी तोफा ओलांडून गेल्यावर, मेल्याचे सोंग घेऊन पडलेले काही गोलंदाज उठले आणि त्यांनी त्याच तोफा फिरवून ब्रिटिशांच्या पाठीवर मारा केला. वेलस्लीचे दीड हजारांहून अधिक लोक त्या दिवशी मेले किंवा जखमी झाले. हरलेल्या बाजूचे सैनिक काय दर्जाचे होते हे जिंकणाऱ्याच्या नुकसानीवरून वाचायला शिकावे.

वृत्तांत ताडणे

शेवटी स्रोतांकडे परतावे. प्रत्येक वृत्तांताच्या माथ्यावर लिहिणारा कोण, तो तेथे हजर होता का, आणि घटनेनंतर किती वर्षांनी त्याने लिहिले, हे टिपावे. कॅनीचे वर्णन करणारा पॉलिबियस साठ-सत्तर वर्षांनी लिहीत होता आणि रोमन मृतांचा आकडा सुमारे ७० हजार देतो. रोमन इतिहासकार लिव्ही जवळजवळ दोन शतकांनी लिहितो आणि त्याचा आकडा सुमारे ४८ हजार आहे. येथे जुना तो खरा असा नियम लावू नये. रोमनांकडे किती माणसे होती, किती पकडली गेली आणि किती निसटली यांची बेरीज प्रत्येक आकड्याशी जुळते का, ते स्वतः करून पाहावे.

जपानमधील १५७५ च्या नागाशिनोच्या लढाईत ओदा नोबुनागाच्या ३ हजार बंदूकधाऱ्यांनी तीन ओळींत आळीपाळीने बार काढून ताकेदा घराण्याचे घोडदळ संपवले, ही कथा असंख्य ठिकाणी वाचायला मिळते. त्या काळाला जवळच्या विश्वसनीय वृत्तांतात ही आळीपाळीची रचना नाही. ती नंतरच्या रंजक चरित्रांतून आली असे अनेक इतिहासकार मानतात. लाकडी कुंपण आणि समोरचा ओढा यांचा उल्लेख मात्र आहे. चित्तवेधक तपशील भेटला की तो प्रथम कोठे लिहिला गेला हे शोधावे, आणि तोवर तो आपल्या टिपणात पेन्सिलीने, प्रश्नचिन्हासह ठेवावा.

एवढे झाल्यावर मूळ वर्णन पुन्हा एकदा वाचावे व त्यातील प्रत्येक वाक्य आपल्या नकाशावर आणि वेळापत्रकावर बसते का ते पाहावे. जे वाक्य बसत नाही त्याच्याखाली रेघ ओढावी. दुसरी लढाई निवडताना त्याच शस्त्राची पण वेगळ्या जमिनीवरची घ्यावी: अ‍ॅजिनकोर्टनंतर क्रेसी, जेथे १३४६ मध्ये त्याच धनुष्यांपुढे फ्रेंचांच्या बाजूचे जिनोव्हाचे तिरंदाज आपल्या मोठ्या ढाली सामानाच्या गाड्यांत मागे ठेवून उभे राहिले होते.